पल्मनरी हायपरटेन्शनचा पेशंट आयसीयूत: एका हॉस्पिटलचा रिव्ह्यू (लांबलचक आहे, चहा घेऊन बसा)

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कापलाय तो बिलिंग आणि टीपीए (मेडिक्लेम मंजूर करणारी एजन्सी) डेस्कसाठी, त्यांच्यावर खाली लिहिलंय. हॉस्पिटलचं नाव टाकत नाहीये, पुण्यातलं मोठं हॉस्पिटल एवढंच समजा, कारण नाव टाकलं की अर्धे लोक भांडायला येतात आणि उरलेले डॉक्टरांचा पर्सनल नंबर मागतात. आणि तसंही, हा आजार घरात असेल आणि पेशंट सिरियस झाला तर कुठल्याही हॉस्पिटलला मार्क कशावर द्यायचे हे कोणी लिहीत नाही, सगळे रिव्ह्यू "स्टाफ चांगला, जेवण बरं, पार्किंगचा वैताग" यावरच संपतात. माझं मत आधीच सांगून टाकते. या आजारात आयसीयू चांगला की वाईट हे त्यांनी काय काय केलं यापेक्षा काय काय करायचं टाळलं यावर कळतं. आम्हाला एकाच आठवड्यात दोन्ही प्रकार बघायला मिळाले.

पेशंट म्हणजे माझ्या सासूबाई, वय ६३, राहणार सातारा. त्यांना स्क्लेरोडर्मा (कातडी आणि आतले अवयव कडक होत जाणारा आजार) आहे, बरीच वर्षं. थंडीत बोटं आधी पांढरी मग निळी पडतात, चेहऱ्याची आणि हाताची कातडी ताणलेली, तोंड पूर्ण उघडत नाही, भाकरीचा घास पण चिमटीएवढा करून घ्यावा लागतो. मग दम लागायला लागला. आधी जिन्यावर, मग देवळाच्या चार पायऱ्यांवर, मग केस विंचरतानासुद्धा. सगळे म्हणायचे हिमोग्लोबिन कमी असेल, वय झालंय, गुळ-शेंगदाणे खा. शेवटी एका फिजिशियनने टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) सांगितला तेव्हा कळलं की फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतलं प्रेशर वाढलंय, म्हणजेच पल्मनरी हायपरटेन्शन. हे दंडाला पट्टा बांधून मोजतात ते बीपी नव्हे हां, नातेवाइकांना हे समजावताना माझी जीभ झिजली. दंडाचं बीपी आईंचं कायम कमीच असतं. हे प्रेशर हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसात रक्त जातं त्या नळ्यांमधलं, ते नॉर्मली खूप कमी असतं, सरासरी २० च्या वर गेलं की आजार धरतात (आधी २५ धरायचे, १९७३ च्या जिनिव्हाच्या बैठकीपासून चालत आलेला आकडा, तो २०१८ नंतर खाली आणला). स्क्लेरोडर्माच्या दहातल्या साधारण एकाला हे होतं, म्हणून त्या पेशंटचा दरवर्षी इको करायचा असतो. आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं, तुम्हाला मी सांगतेय.

आता ओपीडी. या हॉस्पिटलला पल्मनरी हायपरटेन्शनची वेगळी क्लिनिक आहे, आठवड्यातून एक दिवस, आणि त्या दिवशी गर्दी म्हणजे स्वारगेटला दिवाळीच्या आदल्या दिवशी असते तेवढी. टोकन घ्या, बसा, परत वजन करायला उठा, परत बसा. वेटिंग हॉलमधला एसी इतका थंड की आईंची बोटं तिथेच निळी, ज्या ओपीडीला निम्मे पेशंट अशा आजाराचे येतात तिथे एसी १९ वर कोण ठेवतं देव जाणे. मी सांगून आले दोनदा, "सेंट्रल आहे मॅडम" हे उत्तर. हातमोजे आणि शाल घेऊन जा.

पण एकदा आत गेलं की डॉक्टर घाई करत नाहीत. आधीच्या ठिकाणी इकोचा आकडा बघून लगेच गोळ्या लिहायला घेतल्या होत्या. इथे म्हणाले, आधी राइट हार्ट कॅथ (हृदयाच्या उजव्या बाजूत नळी घालून प्रेशर मोजणं), त्याशिवाय एकही गोळी नाही. आमचे हे जरा चिडले होते, की रिपोर्टमध्ये दिसतंय ना प्रेशर, मग अजून एक प्रोसिजर कशाला, पैसे काढायचे धंदे. डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. इकोवरचं प्रेशर हा अंदाज असतो, आणि प्रेशर वाढायची कारणं पाच गटांत मोडतात. डावी बाजू कमजोर असेल किंवा झडप अरुंद असेल (आपल्याकडे लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापामुळे माइट्रल झडपेचे पेशंट अजून भरपूर आहेत) तरी मागे प्रेशर तुंबतं, आणि अशा माणसाला या गोळ्या दिल्या तर फुप्फुसात पाणी भरू शकतं. म्हणून मानेतल्या शिरेतून टोकाला छोटा फुगा असलेली नळी घालून (ही १९७० सालची स्वान आणि गांझ यांची आयडिया) प्रत्यक्ष आत जाऊन मोजायचं. भूल फक्त तेवढ्या जागेपुरती. आईंचं सरासरी प्रेशर आलं ४६ आणि डाव्या बाजूचा वेज प्रेशर ९, म्हणजे डावी बाजू ठीक, दोष फुप्फुसाच्या नळ्यांतच. शिवाय व्हीक्यू स्कॅन केला, जुन्या गुठळ्या अडकल्यात का बघायला, कारण या पाच प्रकारांतला तो एक ऑपरेशन करून सुधारता येतो, त्यात शरीर २० डिग्रीपर्यंत थंड करून रक्ताभिसरण काही मिनिटं चक्क थांबवतात आणि गुठळ्यांचे साचे सोलून काढतात. आईंना गुठळ्या नव्हत्या. कॅथ लॅबच्या पोरांना पैकीच्या पैकी मार्क.

सहा मिनिटं चालायची टेस्ट कॉरिडॉरमध्ये घेतात, दोन टोकांना दोन कोन ठेवून, आणि तिथे मी पहिल्यांदा पाहिलं की सिस्टरने ऑक्सिजनचं प्रोब बोटाला न लावता कानाच्या पाळीला लावलं. विचारलं तर म्हणाली, "यांच्या बोटांत रक्त धड येत नाही ताई, बोटावरचा आकडा खोटा येतो." हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

औषधं दोन, अँब्रिसेंटन आणि टॅडालाफिल ४० मिलिग्रॅम. दोन्ही एकदमच सुरू केली, २०१५ साली मोठा अभ्यास आला होता की एकेक करत बसण्यापेक्षा दोन्ही एकत्र सुरू केलेल्यांचं पुढे कमी बिघडतं. टॅडालाफिल पुरुषांच्या लैंगिक अडचणीचं औषध म्हणून फेमस आहे हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे केमिस्टकडे जी नजर मिळते ती मिळते. साताऱ्यात एका पोराने चिठ्ठीवरचं स्त्रीचं नाव बघून दोनदा विचारलं "नक्की यांच्यासाठीच ना?" आणि मागच्या पोराकडे बघून हसला. आई म्हणाल्या, "हो बाबा, माझ्यासाठीच, दम लागतो मला." पुढच्या वेळी त्याने मुकाट्याने स्ट्रिप काढून दिली.

व्हॉट्सअॅपवर एक फॉरवर्ड फिरतोय, नवीन इंजेक्शन आलंय म्हणून. सोटाटरसेप्ट नाव, अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मंजूर झालं, तीन आठवड्यांनी एकदा त्वचेखाली घ्यायचं. खरं आहे ते, बाकीच्या गोळ्या नळ्या सैल करतात आणि हे नळ्यांची भिंत जाड होण्याच्या मुळाशी काम करतं असं डॉक्टरांनी सांगितलं, पण म्हणाले आधी आहे त्या दोन गोळ्या तीन महिने नीट घ्या मग बोलू.

ओपीडीतलीच अजून एक गोष्ट. दुसऱ्या की तिसऱ्या भेटीत डॉक्टरांनी आईंनाच विचारलं, आम्हाला नाही, की "काकू, कधी खूप बिघडलं आणि श्वासाची नळी घालायची वेळ आली तर तुमचं काय मत आहे? या आजारात नळी घालणं हेच धोक्याचं असतं, आणि हृदय थांबलं तर छाती दाबून परत सुरू होणं फार क्वचित होतं." मला तेव्हा राग आला होता, बरं वाटत असताना हे काय बोलणं. आई शांत होत्या. म्हणाल्या, "नळी घालायचीच नाही असं म्हणत नाही मी. पण घातली आणि चार दिवसांत काय फरक दिसला नाही तर उगा महिनाभर ठेवू नका." डॉक्टरांनी ते फाइलवर शब्दशः लिहिलं. नंतर रात्री अडीचला तेच पान उघडून वाचलं गेलं तेव्हा त्या प्रश्नाची किंमत कळली.

तर जानेवारीत आईंना ताप, कफ, छातीत धडधड. रात्रीची वेळ, जवळच्या नर्सिंग होमला नेलं. त्याचंही नाव नको. बोटाला प्रोब लावलं, आकडा ७६. बीपी ८६. छातीत जड वाटतंय म्हणाल्या. पुढच्या दहा मिनिटांत जे झालं ते सगळं पुस्तकात बरोबर असेल पण या आजाराला उलटं. बीपी कमी म्हणून सलाइन फुल स्पीडला सोडलं, एक बाटली संपून दुसरी लागली. छाती जड म्हणून सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायला काढली. ऑक्सिजन ७६ म्हणून नळी घालायची तयारी. नवरा ओरडला, "टॅडालाफिल चालू आहे, सॉर्बिट्रेट नको!" तेव्हा ती गोळी हातातच राहिली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: टॅडालाफिल किंवा त्याच जातीच्या सिल्डेनाफिलवर असलेल्या माणसाला सॉर्बिट्रेट किंवा कुठलंही नायट्रेट (छातीत दुखलं की देतात ती औषधं) द्यायचं नसतं, बीपी असं कोसळतं की वर येत नाही. आपल्याकडे तर घराघरात देवघराच्या ड्रॉवरमध्ये सॉर्बिट्रेट असते, शेजारचे काका खिशात घेऊन फिरतात आणि प्रेमाने कोणाच्याही जिभेखाली ठेवतात.

रात्रपाळीच्या त्या डॉक्टरांना मी शिव्या देणार नाही. डेंग्यू, जुलाब, साधं सेप्सिस (अंगभर पसरलेलं इन्फेक्शन), या सगळ्यात बीपी पडलं की सलाइन हेच करतात आणि त्याने माणसं वाचतात. पण अडचण सांगितल्यावरही दुसरी बाटली बंद केली नाही, "आम्हाला शिकवू नका" म्हणाले, तिथे माझे मार्क शून्य.

क्लिनिकच्या कार्डावर रात्रीचा नंबर आहे. लागला. फोनवर एक फेलो डॉक्टर (स्पेशल ट्रेनिंग घेणारी ज्युनियर) होती, आवाजावरून पोरगीच वाटली, पण तिने चार वाक्यांत सगळं आवरलं. प्रोब कानाला लावा. सलाइन बंद करा. नायट्रेट नाही. अगदीच श्वास थांबत नसेल तर नळी न घालता ऑक्सिजनवर इकडे पाठवा, आणि मला तिथल्या डॉक्टरांशी बोलू द्या. कानाला लावल्यावर आकडा आला ८८. चांगला नाहीच तो, पण ७६ बघून जी पळापळ चालली होती ती थांबली. कार्डिअॅक अॅम्ब्युलन्स, खंबाटकीचा बोगदा, आणि पहाटेच्या आत पुणे.

इथून पुढचा भाग हा खरा रिव्ह्यू.

कॅज्युअल्टीत स्ट्रेचर थांबायच्या आत त्या फेलोने इकोचं छोटं मशीन छातीवर ठेवलं. स्क्रीन आम्हालाही दिसत होती. उजवा कप्पा फुगून टम्म, आणि डावा जो गोल दिसायला हवा तो इंग्रजी डी अक्षरासारखा चपटा झालेला. सलाइनने काय केलं ते तिने तिथेच समजावलं. दोन्ही कप्पे एकाच पिशवीत असतात, एसटीच्या सीटवर शेजारचा माणूस पाय फाकवून बसला की आपण जसे खिडकीला चिकटतो तसा डावा कप्पा दाबला जातो, त्यात भरायला जागाच उरत नाही, मग पुढे शरीराला रक्त कमी जातं आणि बीपी अजून पडतं. आणि बीपी पडलं म्हणून अजून सलाइन. इथे सलाइन बंद, उलट लॅसिक्सचं इन्फ्युजन सुरू, बीपी ८४ असताना लघवीचं औषध! मी हबकले होते. सोबत बीपी वर ठेवणारं नॉरअॅड्रेनलीन, कारण शरीराचं बीपी फुप्फुसाच्या प्रेशरपेक्षा वर ठेवावंच लागतं, नाहीतर उजव्या हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत रक्त शिरत नाही आणि ते अजून दमतं. दुसऱ्या दिवशी आकुंचनाला मदत म्हणून मिलरिनोन अगदी बारीक डोसमध्ये.

धडधड म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचा ताल बिघडणं) निघालं, रेट १५० च्या आसपास. कोणी रेट खाली आणायला मेटोप्रोलॉल किंवा डिल्टिअॅझेम दिलं असतं, त्यांनी मुद्दाम टाळलं, ती औषधं आधीच दमलेल्या उजव्या हृदयाचा जोर अजून काढून घेतात. अमिओडॅरोन दिलं आणि ताल परत जागेवर आणला. न्यूमोनियाला अँटिबायोटिक निवडताना क्लॅरिथ्रोमायसिन नको म्हणून क्लिनिकल फार्मासिस्टने अडवलं, कारण ते लिव्हरमध्ये टॅडालाफिल, सिल्डेनाफिलचं विघटन रोखतं आणि रक्तातलं प्रमाण वाढतं. फार्मासिस्ट राउंडला येतो, नुसता औषधं देत नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. टॅडालाफिलच्या जागी थोडे दिवस सिल्डेनाफिल केलं, ते लवकर उतरतं त्यामुळे बीपी घसरलं तर पुढचा डोस हातात राहतो. पण दोन्हीतलं काहीच नाही असा एकही दिवस जाऊ दिला नाही. आयसीयूत गेल्यावर "घरच्या गोळ्या सगळ्या बंद" हा सरसकट नियम असतो ना, तो या आजारात जीवघेणा ठरू शकतो.

नळी घातली नाही. हे लिहायला एक ओळ लागते, पण त्यासाठी त्या लोकांनी दोन रात्री जागून काढल्या. भुलीच्या औषधाने बीपी पडतं, व्हेंटिलेटरच्या दाबाने उजव्या हृदयावर अजून भार येतो, आणि आईंचं तोंड दोन बोटांएवढंसुद्धा उघडत नाही. म्हणून नाकातून हाय फ्लो ऑक्सिजन, गरम आणि दमट केलेला, मिनिटाला ५० लिटर, आणि ठरावीक तासांनी एबीजी (धमनीच्या रक्तातले वायू मोजायची टेस्ट), कारण ऑक्सिजन कमी झाला, कार्बन डायऑक्साइड वाढला किंवा रक्त आम्ल झालं की फुप्फुसाच्या नळ्या अजून आवळतात. भूलतज्ज्ञ मॅडम पहिल्याच रात्री येऊन तोंड, मान, जबडा बघून गेल्या आणि दुर्बिणीतून नळी घालायची ट्रॉली बेडच्या बाहेर लावून ठेवली, "लागली तर धावपळ नको" म्हणून. ती ट्रॉली शेवटपर्यंत प्लास्टिकमध्येच राहिली.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते हातांकडे दिलेलं लक्ष. नॉरअॅड्रेनलीनने बोटांच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि स्क्लेरोडर्मात त्या आधीच आवळलेल्या, बोट काळं पडू शकतं. म्हणून सतत बीपी मोजायची लाइन मनगटात घातलीच नाही, मांडीत घातली. दर तासाच्या नोंदीत "बोटांचा रंग" असा कॉलम सिस्टरने पेनाने आखून घेतला होता, छापील चार्टमध्ये तो नसतो. आणि रात्रीच्या मावशी, नाव माहीत नाही, त्या कापूस गुंडाळून वर लोकरी मोजे हातात चढवायच्या आणि आईंशी सांगलीच्या हळदीचे भाव काय चाललेत यावर बोलत बसायच्या.

आता नायट्रिक ऑक्साइड. हा गॅस आहे, फुप्फुसाच्या ज्या भागात हवा पोचते तिथल्याच नळ्या सैल करतो आणि रक्तात शिरताच हिमोग्लोबिनला चिकटून संपतो, त्यामुळे शरीराचं बीपी पडत नाही. आपलं शरीर हाच गॅस स्वतः बनवतं, या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं, आणि सिल्डेनाफिल त्याच साखळीत पुढे काम करतं. अमेरिकेत १९९९ मध्ये नवजात बाळांसाठी मंजूर झाला, मोठ्यांमध्ये आयसीयूचे डॉक्टर गरजेप्रमाणे वापरतात. कन्सल्टंट साहेबांनी स्पष्ट सांगितलं, "याने आजार बरा होणार नाही, याने माणसं जास्त वाचतात असंही सिद्ध झालेलं नाही. हृदयाचा भार थोडा उतरेल, तोवर अँटिबायोटिकला काम करायला सवड मिळेल." असं सरळ सांगणारा डॉक्टर मिळाला की सही करताना हात थरथरत नाही.

२० पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत २० भाग गॅस) सुरू केला. गंमत चालू करताना नाही, बंद करताना आहे. हा गॅस एकदम तोडला तर प्रेशर आधीपेक्षा वर उसळतं, म्हणून सिलिंडर संपायच्या आत दुसरा जोडून तयार ठेवावा लागतो. तीन नंबर बेडच्या ब्रदरने काट्यावर पट्टी चिकटवून ठेवली होती, काटा तिथे आला की बदलायचा, शून्याची वाट बघायची नाही. उतरवताना २०, १०, ५, आणि पाचच्या खाली एकेक. मला काचेतून दिसायचं, तो नॉब इतका हळू फिरवायचा की फिरला का नाही कळू नये, मग दोन्ही हात मागे बांधून मॉनिटरकडे बघत उभा. एकावरून शून्यावर आणताना ऑक्सिजन घसरला, ८४. काही न बोलता परत एकवर. दुसऱ्या दिवशी सिल्डेनाफिलचा डोस गेल्यावर तासाभराने परत प्रयत्न, आणि सुटला. गॅसने रक्तातलं मेटहिमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहू न शकणारं हिमोग्लोबिन) वाढतं म्हणून तेही रोज तपासत होते.

एक्मोबद्दलही (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणारं मशीन) बोलणं झालं. मशीन खालच्या मजल्यावर आहे, बिल वाढवायचं असतं तर आम्ही तेव्हा कशालाही हो म्हटलं असतं. त्यांनी विचारलं, मशीनवरून उतरून पुढे जायचं कुठे? एकतर मूळ कारण बरं व्हायला हवं किंवा फुप्फुस प्रत्यारोपणाचा रस्ता हवा. न्यूमोनिया उताराला लागलाय, लघवी होतेय, तर थांबू. थांबले. नातेवाइकांना दिवसातून दोनदा पाच मिनिटं भेटत, आणि रोज एकच आकडा आधी सांगत, चोवीस तासांत लघवी किती. आमच्या फॅमिली ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या फुलांऐवजी "आज यूरिन किती?" सुरू झालं होतं, अगदी अमेरिकेतल्या दिरापर्यंत.

आता अर्धा स्टार. बिलिंग. नायट्रिक ऑक्साइडचं मीटर तासावर चालतं हे आम्हाला सुरू केल्यावर दुसऱ्या दिवशी कळलं, आधी सांगितलं असतं तरी आम्ही हो म्हणालो असतो पण आधी सांगा ना. टीपीएने तो गॅस "मोठ्यांसाठी मंजूर नाही" म्हणून नाकारला, मग कन्सल्टंटचं पत्र, परत क्वेरी, परत पत्र, आणि डेस्कवरच्या पोरीचं एकच, "सिस्टिममध्ये पेंडिंग दाखवतंय सर." शेवटी काही भाग मिळाला, काही बुडाला. डिस्चार्ज समरी नऊ पानांची, त्यात कॅल्शियमची गोळी जेवणानंतर घ्या हेसुद्धा आहे, पण "नायट्रेट देऊ नये" ही ओळ कुठेच नाही! मी भांडून पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात टाइप करून घेतली, शिक्क्यासकट. तुम्हीही घ्या. हॉस्पिटलच्या फार्मसीत अँब्रिसेंटन रविवारी मिळालं नाही, हे तर अक्षम्य आहे, क्लिनिक तुमची, औषध तुम्ही लिहिता आणि दुकानात नाही.

कँटीनचा उपमा बरा, चहा गोड. पार्किंग सकाळी आठच्या आत मिळतं.

आई आता घरी आहेत, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर दोन लिटर, अंगणापर्यंत चालतात. मीठ कमी, रोज सकाळी वजन, दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा अशी ऑर्डर आहे. महाबळेश्वरला भाचीचं लग्न होतं, डॉक्टर म्हणाले तेवढी उंची तशी चालते पण आत्ताच आयसीयूतून उठल्यात, घाट आणि थंडी नको, तर व्हिडिओ कॉलवर अक्षता टाकल्या.

तुम्हाला दुसऱ्या शहरात हॉस्पिटल शोधायचं असेल तर फोनवर हे विचारा. राइट हार्ट कॅथ तिथेच होतो का. रात्री दोनला इको कोण करतं, टेक्निशियन सकाळी येतो असं उत्तर आलं तर पुढचं हॉस्पिटल बघा. नायट्रिक ऑक्साइड स्वतःचं आहे की बाहेरून मागवतात, मागवत असतील तर किती तासांत. आणि क्लिनिकचा रात्रीचा नंबर आहे का, असेल तर आजच एकदा लावून बघा कोण उचलतं. इथल्या ओपीडीला जाणार असाल तर जुने सगळे इको, कॅथचा रिपोर्ट आणि एचआरसीटीची (छातीच्या सीटी स्कॅनची) सीडी सोबत न्या, सीडी चालत नसेल तर फिल्म, कारण त्यांच्या रूम नंबर चारमधल्या कॉम्प्युटरला सीडी ड्राइव्हच नाहीये.